आपापले ओझे



हमालांच्या संघटनेचे काम करणारा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो मजुरीचे दर, बाजार समितीचा कारभार आणि 1969 चा माथाडी कायदा ह्यांविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची सहजच अपेक्षा असते. आम्ही जेव्हा 'ख्रिस्ती माणसाची स्वतःच्या आत्मिक वाढीबद्दलची जबाबदारी' असा विषय कळविला, तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते संघटनेच्या कचेरीत, रात्री, रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने आणलेल्या पुस्तकांवर. तेव्हा धर्मपंडित म्हणून आम्ही येथे उभे नाही. पाठीवर ओझी वाहणाऱ्यांत आयुष्याची तीस वर्षे काढलेला एक जन्माने ख्रिस्ती मनुष्य, एवढाच आमचा अधिकार. आणि योगायोग असा की, ह्या विषयाचे मूळ वचन ओझ्याविषयीच आहे.

पौलाने गलतीकरांस जे पत्र लिहिले त्याच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्या ओवीत तो सांगतो की, एकमेकांची ओझी वाहा. तीनच ओव्या पुढे, पाचवीत, तोच सांगतो की, प्रत्येकाला आपापले ओझे वाहावे लागेल. आम्ही तरुण असताना हे दोन्ही एका बैठकीत वाचले आणि गोंधळलो. पहिले वाक्य तर आमच्या संघटनेच्या फलकावर लिहावे असे! दुसरे वाक्य मात्र आडत्याच्या तोंडी शोभणारे. पुढे एका निवृत्त पाळकसाहेबांनी समजावून दिले की, मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. पहिल्या ठिकाणी 'बारोस', म्हणजे माणसाला दाबून टाकणारा भार. दुसऱ्या ठिकाणी 'फोर्तिओन', म्हणजे ज्याचा त्याने न्यावयाचा बोजा. जहाजातील मालालाही हाच शब्द लागतो. येशूने आपले ओझे हलके आहे असे म्हटले आहे तेथेही हाच दुसरा शब्द आहे.

पाळकसाहेबांना ग्रीक येत होते. पण हा भेद हमालाला ग्रीकशिवाय कळतो. शंभर किलोचे पोते एकट्याने पाठीवर घेता येत नाही. दोघे उचल देतात, तेव्हा ते पाठीवर बसते. उचल न देणारा माणूस आमच्यात नीच समजला जातो. पण एकदा पोते पाठीवर बसले की फळीवरून थप्पीपर्यंतची पावले ज्याची त्यालाच टाकावी लागतात. त्या वेळी दुसरा कोणी प्रेमाने येऊन हात लावू लागला तर दोघेही खाली पडतील. उचल दुसऱ्याची, चाल आपली. पौलाच्या दोन्ही ओव्या खऱ्या आहेत, आणि एकीवाचून दुसरी खोटी आहे, असे आमचे मत आहे.

'जबाबदारी ज्याची त्याची' हे शब्द आमच्या बाजारात फार बदनाम झालेले आहेत, हे येथेच सांगून टाकलेले बरे. थप्पी कोसळून एका गड्याचा पाय मोडला तेव्हा मालकाने आम्हाला हेच ऐकविले होते. थप्पी किती उंच लावायची हे मालकाने ठरवायचे, आणि पाय मोडला की जबाबदारी गड्याची! धर्माच्या क्षेत्रातही असे मालक असतात. माणसाला लिहावाचायला शिकवायचे नाही, शास्त्र त्याच्या भाषेत द्यायचे नाही, रविवारची सुटी द्यायची नाही, आणि तो आत्मिक दृष्ट्या वाढला नाही म्हणजे दोष त्याच्या आळसाचा! असली जबाबदारी आम्हाला मान्य नाही. ज्या जबाबदारीविषयी आम्ही बोलणार आहोत ती वरून लादलेली नव्हे, आतून उचललेली आहे.

आमच्या नगर जिल्ह्यात, ज्याला 2024 पासून अहिल्यानगर म्हणतात, अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 साली सुरू झाले. 'ज्ञानोदय' हे पत्र 1842 मध्ये तेथूनच निघाले. आमच्या पणजोबांचा बाप्तिस्मा मात्र पत्र वाचून झालेला नाही, कारण त्यांना वाचता येत नव्हते. तो 1899-1900 च्या दुष्काळात झाला. मिशनच्या कामावर मजुरी मिळत होती आणि धान्य मिळत होते. ह्यावरून आम्हाला लहानपणी गावात एक टोमणा नेहमी ऐकावा लागे : 'तुम्ही ज्वारीसाठी बाटलेले.' आमचे वडील हा टोमणा ऐकून तापत असत. पणजोबांनी रात्रभर प्रार्थना करून निर्णय घेतला होता, अशी एक कथा ते सांगत. ती खरी की खोटी हे ठरविण्याचे साधन आज नाही, आणि आम्हाला त्याची गरजही वाटत नाही. समजा, ज्वारीसाठीच झाला. पोटच्या पोरांना मरू न देण्यासाठी मनुष्य ज्या दारात जातो त्या दाराची त्याला लाज वाटण्याचे कारण काय? लाज असलीच तर ज्यांची दारे त्या वर्षी बंद राहिली त्यांना असावी. परंतु एवढे मात्र खरे की, पणजोबांची भूक आमची लाज होऊ शकत नाही, तशीच पणजोबांची श्रद्धा आमची श्रद्धा होऊ शकत नाही. त्यांच्या बाप्तिस्म्याने आम्हाला एक आडनाव, एक दफनभूमी आणि नाताळचा सण मिळाला. ख्रिस्त मिळाला, असे म्हणता येत नाही.

आमच्या संघटनेत एक सभासद वर्गणी अगदी वेळेवर भरतो. पावत्या जपून ठेवतो. सभेला मात्र येत नाही, मोर्चाला येत नाही, आणि ठराव काय झाला हे विचारतही नाही. 'तुम्ही आहात की!' असे म्हणतो. मंडळीतही असे सभासद पुष्कळ. बाप्तिस्म्याचा दाखला पेटीत, लग्न चर्चमध्ये, नाताळला नवे कपडे, आणि बाकीचे पाळकसाहेब पाहतील! पुढाऱ्यावर सर्व सोपविणारा सभासद आणि पाळकावर सर्व सोपविणारा ख्रिस्ती ह्यांच्यात आम्हाला फरक दिसत नाही. असल्या सभासदांमुळे पुढारी बिघडतो, आणि असल्या मंडळीमुळे पाळकही बिघडतो. दोन्ही प्रकार आम्ही पाहिले आहेत. अधिक बोलत नाही.

आता उदाहरणे घेऊ. ती दूरची घेण्याचे कारण नाही, कारण मराठी मुलखातच दोन बायका अशा होऊन गेल्या की, ह्या विषयावर त्यांच्याइतके कोणी शिकविलेले नाही.

पहिल्या लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नीला तो धक्काच होता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे नवरा जाईल तेथे बायकोने जावे. दुसऱ्या बाजूने, नातलगांच्या मते अशा नवऱ्याचे तोंडही पाहू नये. लक्ष्मीबाईंनी दोन्ही ऐकले नाही. काही वर्षे दूर काढली, मग टिळकांकडे आल्या, पण ख्रिस्ती झाल्या नाहीत. एका घरात राहूनही आपले सोवळे त्यांनी वेगळे ठेवले. टिळक मोठे कवी आणि मोठे वक्ते. परंतु त्यांच्या कवितेने किंवा वक्तृत्वाने हे सोवळे सुटले नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसाचा आहे, हे जेव्हा त्यांचे त्यांना उमगले तेव्हाच ते सुटले. बाप्तिस्मा 1900 साली, नवऱ्याच्या मागून पाच वर्षांनी, राहुरीस झाला. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे पुस्तक 1934 ते 1937 च्या दरम्यान भागांनी प्रसिद्ध झाले, आणि ज्यांनी वाचले नसेल त्यांनी धर्मासाठी नव्हे, निदान मराठीसाठी तरी वाचावे. त्या पुस्तकात विनोद इतका आहे की, ह्या पाच वर्षांची किंमत काय होती हे वाचकाच्या लक्षात उशिरा येते. टिळकांच्या थोरपणाचा एक पुरावा आम्ही असा मानतो की, त्यांनी ती पाच वर्षे वाट पाहिली. त्यांनी स्वतः पुढे 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बसावेत अशी त्यांची कल्पना होती. तो दरबार फार चालला नाही. टिळक 1919 च्या मे महिन्यात वारले.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. ह्यांच्याविषयी थोडे सविस्तर बोलावे लागेल.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी मुलीला संस्कृत शिकविले. आईबाप दुष्काळात आणि भटकंतीत गेले. कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. लग्न झाले आणि दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. पुढे 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, आणि त्याच वर्षाच्या 29 सप्टेंबरला वाँटेज येथे भगिनींच्या मठात त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. येथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. खरी गोष्ट पुढे आहे.

बाप्तिस्मा झाल्याबरोबर ही बाई आज्ञाधारक होईल अशी तेथील धर्मगुरूंची समजूत होती. रमाबाई प्रश्न विचारू लागल्या. त्रैक्याचा सिद्धान्त शास्त्रात कोठे आहे? अथानासियाचा विश्वासांगीकार मान्य नसेल तर माणूस ख्रिस्ती राहत नाही काय? वाँटेजच्या सिस्टर जेरल्डिन ह्यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे 1977 साली महाराष्ट्र शासनाच्या साहित्य-संस्कृती मंडळाने छापला. तो आम्ही शब्दकोश जवळ घेऊन वाचला, त्याला एक पावसाळा लागला. त्यात सिस्टर पुन्हा पुन्हा म्हणतात की, हा अहंकार आहे, चर्चच्या अधिकारापुढे नम्र व्हा. रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा : भारतातील पुरोहितांचे जोखड मानेवरून मोठ्या कष्टाने काढले आहे, आता तसलेच दुसरे जोखड, ते परमेश्वराच्या नावाचे म्हणून, मी मानेवर घेणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नसावीत, असेही त्यांनी विचारले. मांसाशन त्यांनी ख्रिस्ती झाल्यावरही केले नाही, आणि ह्याचाही तेथे पुष्कळांना राग आला! आम्हाला सिस्टर जेरल्डिन वाईट वाटत नाहीत. त्यांचे रमाबाईंवर प्रेम होते. परंतु उचल देणे आणि पोत्याला शेवटपर्यंत हात लावून ठेवणे ह्यांतील फरक त्यांना समजला नाही. चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील ह्यांना तो अधिक समजला होता, असे पत्रांवरून दिसते.

आता कोणी म्हणेल की, ही तर नुसती बंडखोरी झाली. ह्यात आत्मिक वाढ कोठे आली? हा प्रश्न योग्य आहे. आमच्या चळवळीतही 'मी कोणाचे ऐकत नाही' ह्यालाच स्वातंत्र्य समजणारे आहेत. रमाबाई तेथे थांबल्या नाहीत. 1907 साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्यांनी स्वतःच सांगितले आहे की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास, त्यांना कळून आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त अजून सापडला नव्हता. जगभर नाव झालेले, अमेरिकेत व्याख्याने झालेली, मुंबईस 1889 मध्ये 'शारदा सदन' उघडून ते पुण्यास आणलेले, सर्व लोक जिला ख्रिस्ती म्हणून ओळखतात किंवा शिव्या देतात अशी ही बाई. आणि ती आपल्या मनाचा हिशेब तपासून म्हणते की, शिल्लक शून्य आहे. हा हिशेब तिला कोणी मागितला नव्हता. धर्मगुरूंशी भांडताना जी कसोटी तिने त्यांच्या सिद्धान्तांना लावली, तीच स्वतःला लावली. बंडखोर आणि जबाबदार माणूस ह्यांत फरक असेल तर तो येथे आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनी पुण्यात वादळ झाले. सदनातील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. रमाबाई म्हणत, मी कोणाला बोलावीत नाही, पण माझ्या खोलीचे दार मी लावणार नाही. 1893 मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, आणि 'केसरी'ने तर आधीपासूनच झोड उठविली होती. आमच्या मंडळीत ह्या प्रकरणात रमाबाईंची बाजू निःशंकपणे घेण्याची चाल आहे. आम्हाला ते इतके सोपे वाटत नाही. ज्या मुलीला जगात दुसरे छप्पर नाही, तिने छप्पर देणारीच्या प्रार्थनेला जाऊन बसावे, ह्यात तिची निवड किती आणि छपराची ओढ किती? आम्ही मजुरांचे करार करतो. पोटाशी असलेल्या माणसाची सही किती मोकळी असते हे आम्हाला ठाऊक आहे. आणि दुष्काळातील पणजोबांचे वंशज म्हणून हा प्रश्न आम्हाला परका नाही. परंतु दार लावून घेतले असते तर त्या मुलींची निवड अधिक मोकळी झाली असती काय? तेव्हाही बाहेर उभे असलेले पुरुषच त्यांच्या वतीने ठरविणार होते. त्या मुलींना काय वाटते हे विचारणारा ह्या सर्व वादात जवळजवळ कोणी नव्हता, ही आमची खरी तक्रार आहे.

ह्या तक्रारीला रमाबाईंनी पुढे जे उत्तर दिले ते आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम होय. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून त्यांनी केडगावला मुक्ती सदन वसविले. विणकाम, शेती, छापखाना असे उद्योग तेथे मुली शिकल्या. 1905 साली तेथे मोठे आत्मिक संजीवन झाले, मुली रडल्या, रात्ररात्र प्रार्थना झाल्या, आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. आम्ही त्यावर फार बोलत नाही. मोर्चातला जोश आम्ही पाहिलेला आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत कोण येते तेही पाहिलेले आहे. आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्याच सुमारास सुरू झालेले शांत काम. मराठीत बायबल होते. पण त्याची भाषा शिकलेल्यांची, संस्कृत शब्दांनी जड. केडगावच्या बाईला ते वाचून कळेना. मग संस्कृतची ही पंडिता, जिला कठीण मराठी लिहिणे सर्वांत सोपे होते, ती उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि सबंध पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करीत बसली. खिळे जुळविणाऱ्या बाया, यंत्र चालविणाऱ्या बाया, बांधणी करणाऱ्या बायाच. 1921 मध्ये मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली, असे सांगतात. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला.

जिने स्वतः कोणाच्या सांगण्यावरून विश्वास ठेवला नाही, तिने दुसऱ्या बायकांनाही आपल्या सांगण्यावरून विश्वास ठेवण्याची पाळी येऊ नये, अशी व्यवस्था केली. वाचा आणि तुमचे तुम्ही ठरवा. हीच ती उचल. तुझ्या आत्म्याला तू जबाबदार आहेस, असे दुसऱ्याला सांगण्याचा हक्क, आमच्या समजुतीप्रमाणे, जो त्याच्या हातात साधन ठेवतो त्यालाच आहे.

आता आमच्यापुढे बसलेले ख्रिस्ती बंधू विचारतील की, आम्ही काय हिब्रू शिकावे? नाही. आमच्या बाजारात रविवारी दुपारी गोदामाच्या ओट्यावर सात-आठ माणसे जमतात. सगळे ख्रिस्ती नाहीत. दोघे माळकरी वारकरी आहेत, एक बौद्ध आहे. शुभवर्तमानातला एक उतारा वाचायचा. जो वाचतो त्यानेच आधी सांगायचे की, ह्यातले मला काय पटले, काय पटले नाही, आणि ह्या आठवड्यात त्यातले मी काय करणार. 'पाळकसाहेब म्हणतात' असे म्हणायचे नाही, आणि 'अध्यक्ष म्हणतात' असेही म्हणायचे नाही, हा एकच नियम. पुढच्या रविवारी त्याला विचारले जाते. दटावले जात नाही, विचारले जाते. हे काही आम्ही शोधून काढलेले नाही. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावच्या लोकांची गोष्ट आहे. साक्षात पौल येऊन बोलला तरी त्यांनी दररोज शास्त्र उघडून तो म्हणतो ते तसेच आहे काय, हे पडताळून पाहिले. आणि ग्रंथकर्त्याने त्यांना उद्धट म्हटलेले नाही, थोर मनाचे म्हटले आहे.

ह्या ओट्यावर मध्यंतरी दहा कुमारींचा दृष्टान्त निघाला. पाच जणींनी दिव्यासाठी तेल जास्त आणले होते, पाच जणींनी नव्हते. आणि मागितले तेव्हा शहाण्या पाचींनी दिले नाही. आमच्यातला एक तरुण गडी संतापला. तो म्हणाला, ह्या शहाण्या कसल्या, ह्या तर फुटीर! संपात एकाच्या घरी पीठ असले तर आपण दहा घरी वाटतो. आम्ही गप्प बसलो. नियमच तसा होता. तेव्हा एक म्हातारे हमाल, ज्यांनी आयुष्यात शाळा पाहिलेली नाही, ते म्हणाले, 'पोरा, पीठ वाटता येतंय. पण तू रात्री जागा राहिला नाहीस, तर माझं जागणं तुला कसं देऊ?'

तरुणाचे समाधान झाले नाही. पुढच्या रविवारी तोच उतारा पुन्हा वाचायचा, असे त्याने स्वतःच ठरवून घेतले आहे, आणि वाचणारही तोच आहे.